वाणिज्य मंत्री साहेब, प्लायवूड डॉलरमध्ये नको, घनमीटरमध्ये मोजा

मा. पियूष गोयल साहेब,

तुम्ही आमच्या उत्तर मुंबईचेच खासदार, म्हणून जरा हक्काने लिहितोय. मी कांदिवलीत प्लायच्या धंद्यात आहे. 2025 पासून प्लायवूडला आयएसआय मार्का सक्तीचा झाला आणि आमच्या लाईनमध्ये एकच चर्चा, बाहेरचा माल थांबला की आपल्या मिल भरभराटीला येणार. थोड्या येतीलही. पाणी लागताच फुगणारं प्लाय कमी झालं तर गिऱ्हाईकाच्या शिव्याही कमी खाव्या लागतील. पण दार लावून घेतलं म्हणजे कारखाने वाढतात का, हे इंडोनेशिया आणि चीनचे 30-35 वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कळतं, गेल्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून काही कळत नाही.

इंडोनेशियाने 1985 पर्यंत ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलं, न्यायचंय तर प्लाय करून न्या. चाललं पण जोरात! 90 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 80 लाख घनमीटरच्या वर प्लाय बाहेर जायचं, जगात एक नंबर, भाव आणि कोटा ठरवायची तिथल्या प्लायवाल्यांची संघटना अपकिंदो, जिचा म्होरक्या उद्योगपती बॉब हसन. आणि मोठ्या गिऱ्हाइकांत कोण, तर चीन. मग 1998 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) अटींमुळे अपकिंदोची मक्तेदारी मोडली, त्याच वर्षी चीनमधल्या यांगत्से नदीला पूर आले आणि चीनने स्वतःची जंगलतोड आवळली. आता चीनचं प्लाय बसेल असंच कोणालाही वाटलं असतं ना? झालं उलटंच. 2001 च्या सुमारास विकत घेणारा चीन विकणारा झाला, 2005 च्या आसपास इंडोनेशियाच्या पुढे, 2014 पर्यंत एक कोटी घनमीटरच्या वर, आणि इंडोनेशिया 30 लाखांच्या आसपास.

कारण लाकूड. इंडोनेशियाचं प्लाय जंगलातल्या मेरांटी झाडांवर उभं होतं, ते जाड ओंडके संपत आले. चीनमधल्या लिनयीसारख्या ठिकाणी कोअर, म्हणजे प्लायचे आतले थर, लागवडीच्या पॉपलर झाडाचा, झाड लावा, काही वर्षांत तोडा, परत लावा. (फेस विनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, मात्र बरंचसं बाहेरच्या लाकडाचं, म्हणजे सोवळं तिथेही नाही.)

आपलं हरियाणातलं यमुनानगर पॉपलर-निलगिरीवरच चालतं, केरळातलं पेरुंबावूर रबराच्या झाडांच्या लाकडावर. जंगलतोड रोखणाऱ्या 1996 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर आसामकडच्या मिल बसल्या आणि धंदा शेतातल्या लाकडाकडे सरकला. मार्क्याइतकाच जोर या शेतातल्या लाकडावर लावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि मोजायचं तर नीट मोजूया. डॉलरमध्ये मेरांटी महाग आणि पॉपलर स्वस्त, त्यामुळे माल किती गेला ते दिसतच नाही. चौरस फुटात 4 एमएम आणि 19 एमएम सारखंच. घनमीटर सरळ आहे, 8 बाय 4 ची 19 एमएमची साधारण 17-18 शीट. शिवाय आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, बाकीच्यांचं जानेवारी ते डिसेंबर, मग जुळवत बसा.

तर मंत्रालयाने 1990 पासूनची प्लायची आयात-निर्यात घनमीटरमध्ये, जानेवारी ते डिसेंबर अशी, एका तक्त्यात द्यावी. शेजारच्या रकान्यात गोल लाकूड आणि विनियरची आयातही टाका, कारण उद्या प्लायची आयात घटली आणि विनियरची तेवढीच वाढली तर ते आम्हाला दुकानात बसून कळणार नाही.

आपला,
कांदिवलीतला एक प्लायवाला