मास्टरला हात लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की शाळांची स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला, जत्रा आणि नाटकांचे दौरे एकदम सुरू होतात आणि वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास दिसू लागते: कार्यक्रम छान होता, पण माइकने घात केला. तक्रार बहुतेक वेळा खरीच असते. दोष मात्र ‘जुनाट स्पीकर’ किंवा ‘हलका माइक’ यांच्यावर टाकला जातो. रोज मिक्सरवर (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्रावर) बसणाऱ्या आम्हा ऑपरेटरांना वाटते की सामानापेक्षा जास्त वेळा घोळ होतो तो मिक्सरच्या उजव्या बाजूच्या मास्टर फेडरपाशी (एकूण आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणापाशी). तो चुकीच्या जागी ठेवलेला असतो आणि नको तेव्हा हलवला जातो. हलवायला लावणारे बरेचदा आयोजकच असतात, म्हणून हे पत्र.

प्रत्येक माइकचा आवाज आपापल्या चॅनलमधून येतो, सगळे चॅनल एकत्र होतात आणि ती बेरीज मास्टरमधून ॲम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे मास्टर हा इमारतीच्या टाकीचा मुख्य कॉक आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक नळ गळतो म्हणून तो कोणी बंद करत नाही. फेडरच्या पट्टीवर वरच्या टोकाला +१० आणि त्याच्या थोडे खाली ० लिहिलेले असते. मास्टरची जागा त्या शून्यावर, फार तर पाचेक डेसिबल खाली.

असे का, हे पट्टीवरचे आकडे नीट पाहिले की कळते. शंभर मिलिमीटर लांबीच्या नेहमीच्या डिजिटल मिक्सरच्या फेडरवर +१० ते -१० या टप्प्यात एक सेंटिमीटर सरकवले तर साधारण चार डेसिबलांचा फरक पडतो. -१० ते -३० मध्ये तोच सेंटिमीटर आठ डेसिबलांचा होतो आणि त्याखाली सोळांचा. मास्टर तळाशी ठेवून कार्यक्रम चालवणाऱ्याचे बोट जरा घसरले तरी सभागृह दचकते किंवा वक्ता गायब होतो. आवाज अलगद वाढवायला-कमी करायला जी बारीक हालचाल लागते, ती फक्त शून्याच्या आसपास मिळते.

तरीही मास्टर -३० वर आणि ॲम्प्लिफायरची बटणे पूर्ण उघडी, ही मांडणी जागोजागी दिसते. त्यात आणखी एक फसगत आहे. चॅनलचे गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) जास्त असले आणि दहा-बारा माइक एकत्र आले की मास्टरच्या आधीच, बेरजेच्या जागीच, आवाज फाटतो. बहुतेक मिक्सरवर मुख्य मीटर मास्टरमधून बाहेर पडणारा आवाज दाखवतो. त्यामुळे मीटर हिरवा, कान मात्र सांगतात की हार्मोनियम चिरकते आहे. अशा वेळी मास्टर आणखी खाली घेतला तर फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. उपाय गेन कमी करण्यात आहे. उलट टोकाला, गेन फार कमी ठेवून सगळी कसर मास्टरवर भरून काढली तर शांत क्षणी ‘स्स्स’ असा खरखराट सभागृहभर पसरतो. बंदिस्त नाट्यगृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

बरोबर क्रम असा. ॲम्प्लिफायर बंद किंवा शून्यावर. एकेका चॅनलचे पीएफएल बटण (त्या चॅनलचा फेडरच्या आधीचा आवाज तपासायचे) दाबून मीटर बघत गेन लावायचा: बोलण्याची सरासरी मीटरच्या शून्याजवळ, जोराचे शब्द +६ पर्यंत, लाल दिवा नाही. डिजिटल मिक्सरवर मीटरचे शून्य ही कमाल मर्यादा असते, तिथे सरासरी -१८ च्या आसपास ठेवावी. मग चॅनलचे फेडर शून्यावर, मास्टर शून्यावर, आणि सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायरचे बटण हळूहळू उघडत जायचे. सभागृहात हवा तेवढा आवाज झाला की थांबायचे. तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवली तर पुढच्या कार्यक्रमाची निम्मी कटकट वाचते. स्पीकरमध्येच ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या पाठीमागचे ‘माइक/लाइन’ बटण लाइनवर आहे ना, एवढे एकदा वाकून पाहावे. ते माइकवर राहिले तर वर केलेली सगळी मेहनत फुकट.

चाचणीबद्दलही एक विनंती. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे शब्द आजवर कुणी खऱ्या आवाजात म्हटलेले नाहीत. कीर्तनकार उत्तररंगात चढतात तो आवाज, मुलांच्या नाटुकल्यातली किंकाळी, पोवाड्याची पहिली हाक असे काहीतरी चाचणीत हवे. नाहीतर पुटपुटण्यावर लावलेला गेन ऐन रंगात लाल होतो.

पीएफएलवरून आठवले, ते बटण दाबलेलेच राहिले तर अनेक छोट्या मिक्सरवर मीटर त्या एकाच चॅनलचा आवाज दाखवत राहतो. ऑपरेटरला वाटते मास्टरचा मीटर पडला, म्हणून तो मास्टर ढकलतो. गेन लावून झाला की सगळी पीएफएल बटणे वर आलेली आहेत का, हे बघणे दोन सेकंदांचे काम आहे.

आता ‘आवाज वाढवा’ या चिठ्ठीकडे वळू. ती कार्यकर्त्याच्या हातून येते तेव्हा ऑपरेटरने आधी विचारायला हवे: कुणाचा आवाज, आणि कुठे ऐकू येत नाही? एकच वक्ता ऐकू येत नसेल तर तो माइकपासून दूर आहे. दहा सेंटिमीटरवरून तो वीसवर गेला की सुमारे सहा डेसिबल गेले, चाळीसवर गेला की बारा. अशा वेळी त्याचा चॅनल थोडा वाढवावा, आणि त्याहून बरे म्हणजे कुणीतरी जाऊन स्टँड त्याच्याकडे सरकवावा. मास्टर वाढवला तर शेजारच्या चार उघड्या माइकांतला पंख्याचा आवाज आणि अध्यक्षांची कुजबुजही तेवढीच वाढते.

मागच्या रांगांना ऐकू येत नसेल तर प्रश्न वेगळा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलांनी उतरतो. पाच मीटरवर बसलेले पाहुणे आणि चाळीस मीटरवर सतरंजीवर बसलेले गावकरी यांच्यात अठरा डेसिबलांची दरी पडते. मास्टर वाढवून मागचे सुखी होतील तोवर पुढचे कानात बोटे घालून बसलेले असतात. स्पीकर उंचावर टांगून ते मागच्या रांगांकडे रोखले तर ही दरी बरीच कमी होते. जमत नसेल तर मांडवाच्या मध्यावर दुसरी जोडी लावावी आणि तिला मॅट्रिक्समधून (तयार झालेली बेरीज आणखी एका आउटपुटला देणाऱ्या वाटेने) किंवा वेगळ्या आउटपुटमधून आवाज द्यावा. त्या जोडीला विलंब द्यायला मात्र विसरू नये. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद. जोडी मंचापासून तीस मीटरवर असेल तर ८७ मिलिसेकंद. विलंब न देता लावलेल्या जोडीमुळे मागे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि पुन्हा चिठ्ठी येते, आता ‘आवाज घुमतो’ म्हणून.

स्पीकरचा आवाज माइकने पुन्हा उचलला की जी शिट्टी वाजते, तिचे प्रकरण याहून रोचक. शिट्टी वाजली की हात पहिल्यांदा मास्टरवर जातो. अख्खे सभागृह मुके होते आणि पुष्कळदा शिट्टी तरीही चालूच राहते. कारण ती मंचावरच्या मॉनिटरमधून (कलाकारांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) येत असते. मॉनिटरला आवाज ऑक्स या मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून जातो, आणि ती वाट मुख्य मास्टरमधून जातच नाही. मॉनिटरचे ऑक्स सेंड (चॅनलवरून ऑक्सला आवाज देणारी बटणे) बहुधा फेडरच्या आधीचे असतात, त्यामुळे चॅनलचा फेडर खाली घेऊनही उपयोग होत नाही. अशा वेळी ऑक्सचा मास्टर दोन-तीन डेसिबल उतरवायचा, आणि मग ग्राफिक इक्वलायझरवर (खालच्या-वरच्या सुरांच्या वेगवेगळ्या पट्ट्या असलेल्या यंत्रावर) नेमकी पट्टी शोधून खाली घ्यायची. बारीक किणकिण असेल तर दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान, ‘हूऽऽ’ असा घुमारा असेल तर अडीचशे ते पाचशेच्या दरम्यान ती बहुधा सापडते. परिसंवादाला टेबलावर आठ माइक असतील तर बोलणारा सोडून बाकीचे बंद ठेवावेत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारी वाढ साधारण तीन डेसिबलांनी घटते. एकाचे आठ झाले की नऊ डेसिबल हातातून गेले. ही कामे मास्टरने होत नाहीत, ती म्यूट बटणांनी आणि गटांनी (काही चॅनल एकाच फेडरखाली आणून) होतात.

गटांचा वापर आपल्याकडे फारच कमी. वाद्यांचा एक गट, बोलणाऱ्यांचा दुसरा आणि लॅपटॉपवरच्या ट्रॅकचा तिसरा केला की मास्टर कार्यक्रमभर जागचा हलत नाही. ॲनालॉग मिक्सरवर एक चूक ठरलेली: चॅनलवर गटाचे आणि एल-आरचे (थेट डाव्या-उजव्या मुख्य आउटपुटला देणारे) अशी दोन्ही बटणे दाबलेली राहतात. मग तोच आवाज दोन वाटांनी येऊन सहा डेसिबलांनी वाढतो, आणि गट पूर्ण खाली घेतला तरी तबला वाजतच राहतो. चॅनलवरून फक्त गटाला द्यायचे आणि गटावरून एल-आरला.

निवेदकाच्या आवाजावर एको सोडणे हा प्रकार तर आता थांबायलाच हवा. गाणे संपले की इफेक्टचा रिटर्न (एकोचा आवाज मिक्सरमध्ये परत आणणारी वाट) म्यूट करायचा, एवढेच. ‘सत्कारमूर्तींना विनंती… नंती… नंती’ ऐकून कुणाचाही सत्कार होत नाही.

कामाची खरी अडचण मिक्सरच्या जागेत आहे. बहुतेक ठिकाणी आम्हाला विंगेत किंवा मंचामागे बसवतात. स्पीकरच्या मागे खालचे सूर भरपूर पोहोचतात, वरचे सूर मात्र समोरच जातात. विंगेतल्या ऑपरेटरला आवाज बोदा वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि सभागृहात ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात. मास्टर किती हवा हे तर तिथून कळणेच अशक्य. तो चिठ्ठ्यांवर चालवावा लागतो. मिक्सर प्रेक्षकांत हवा, मंचापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर. बाल्कनीच्या छताखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको, तिथे खालचे सूर साचतात. दोन मीटर बाय दोन मीटर जागा पुरते आणि मल्टिकोर केबल (अनेक माइकांच्या तारा एकत्र असलेली) आमच्याकडे असते. सहा खुर्च्या कमी होतील म्हणून ही जागा नाकारली जाते आणि त्यापायी सहाशे खुर्च्यांचा आवाज बिघडतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. मास्टर शून्यावर ठेवून ॲम्प्लिफायर या हिशेबाने लावला आणि पुढे लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज रोखणारा) ठेवला, तर ‘आणखी थोडा’ म्हणणाऱ्यांनाही तो उत्तर देतो.

चालू-बंद करण्याचा क्रम सर्वांना ठाऊक असतो आणि गडबडीत तोच चुकतो: चालू करताना आधी मिक्सर आणि शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. कंडेन्सर माइकची ४८ व्होल्टची फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) सुरू किंवा बंद करतानाही मास्टर खाली आणि चॅनल म्यूट हवा. ‘ठाप्प’ असा आवाज होतो तेव्हा ट्विटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) जळतात ते याच कारणाने.

आयोजकांकडे आणि नगरपालिकांच्या नाट्यगृह व्यवस्थापनांकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. बुकिंगच्या अर्जातच मिक्सरसाठी प्रेक्षागृहातील जागा नोंदवावी. पडदा उघडण्याआधी एक तास मंच चाचणीसाठी मोकळा मिळावा, रांगोळी आणि बॅनर त्याआधी उरकावेत. आणि ऑपरेटरला सूचना देणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो सातव्या-आठव्या रांगेत बसून ऐकणारी. पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली नको.

आपले,
ध्वनिव्यवस्थेत काम करणारे काही ऑपरेटर, पुणे