‘शोले’च्या पानांत संकलकाचं नाव राहून गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शोले’च्या पन्नाशीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेली तीन पानं मी दोनदा वाचली. सलीम-जावेद आले, आर. डी. बर्मन आले, चित्रण झालं ते बंगळुरूजवळच्या रामनगरचे खडक आले, मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमधली पाच वर्षं आली. असरानींच्या मिशीवरही चार ओळी आहेत. दुसऱ्यांदा वाचलं ते एक नाव माझ्याच नजरेतून सुटलं की काय, हे बघायला. सुटलं नव्हतं. छापलंच नव्हतं.

माधव शिंदे. पडद्यावर एम. एस. शिंदे. ‘शोले’चे संकलक. त्या वर्षी फिल्मफेअरची नऊ नामांकनं या चित्रपटाला होती आणि बक्षीस मिळालं एकच, तेही संकलनाचं. गब्बरला नाही, संवादांना नाही, दिग्दर्शनाला नाही. एवढ्या मोठ्या चित्रपटाचं ते एकमेव बक्षीस एका मराठी माणसाच्या हातात गेलं आणि मराठी पेपरातल्या तीन पानांत त्याला एक ओळ मिळू नये?

हे मी का लिहितोय, ते सांगतो. १९७७ साली मी दहावीला गचकलो आणि बार्शीच्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये रिळं गुंडाळायला लागलो. दोन-तीन महिन्यांतच ‘शोले’ची पेटी आली. मुंबईत लागून दोन वर्षं झालेली, प्रिंट दहा गावं फिरून आलेली, अंगावर ओरखडे. सत्तर एमएम वगैरे आम्ही फक्त पोस्टरवर वाचायचो. आमच्याकडे पस्तीसच. तरी सहा आठवडे गर्दी हटली नाही. वैराग, पांगरीकडून लोक बैलगाड्या घेऊन यायचे आणि ‘मेहबूबा’ सुरू झालं की पिटातून चिल्लर पडद्यावर यायची. खेळ सुटल्यावर ती वेचायचा मान डोअरकीपरचा.

केबिनमध्ये दोन मशिनं, दोघांत उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळतायत, एक्झॉस्टचा पंखा घरघरतोय. आतला भोंगा एवढासा, तोही फाटका. पडद्यावरचं बोलणं आम्हाला धड ऐकू यायचंच नाही. त्यामुळे गाव गब्बरचे संवाद पाठ म्हणत फिरत होतं तेव्हा मी ‘शोले’ नुसता पाहत होतो, चौकोनी भोकातून, दिवसाला तीन वेळा. संवाद कळले ते पुढे गणपतीत, मंडळाने पॉलिडोर कंपनीची ‘शोले’च्या संवादांची तबकडी कर्ण्यावर लावली तेव्हा. मी ‘शोले’ आधी पाहिला, ऐकला नंतर.

मुक्याने पाहिला की चित्रपटाचे सांधे दिसतात. सचिनचा अहमद गब्बरच्या हाती लागतो तो प्रसंग आठवा. गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चढतेय. तो तिला चिरडतो आणि पुढच्याच क्षणी प्रेत घेऊन घोडा रामगढकडे येताना दिसतो. पोराला मारलेलं आपण पाहतच नाही. तरी आमच्या टॉकीजमधल्या बाया त्या जागी डोळे मिटून घ्यायच्या. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना काय दिसत असेल, असं मला तेव्हाही वाटायचं.

आणि ठाकूरची शाल. गब्बर दोन्ही तलवारी उगारतो, खाली आणतो, आणि आपण एकदम आजच्या दिवसात. वारा सुटलाय, शाल खांद्यावरून घसरते, रिकाम्या बाह्या फडफडतात. इथे थिएटर असं गप्प व्हायचं की मला माझ्या मशीनचा आवाज मोठा वाटायचा.

नेमकी तिथेच एका रात्री फिल्म फाटली. वस्ताद, म्हणजे आमचे मोठे ऑपरेटर, जेवायला गेलेले. मी हुशारी केली. कडेची भोकं उसवलेला सगळा भाग कात्रीने उडवला, ब्लेडने फिल्मवरचा मसाला खरवडला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड मारला आणि खेळ पुढे चालू केला. उडवलेला तुकडा सव्वा फूट असेल नसेल. वीस फ्रेमा, पुरता एक सेकंदही नाही. दुसऱ्या दिवशी मॅटिनीला तलवारी खाली आल्या आणि लगेच शाल जमिनीवर! घसरणं गायब. थिएटर गप्प झालं नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलंसुद्धा. वस्तादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कचऱ्याचा डबा पुढ्यात सरकवला. त्यातून तो तुकडा शोधून अकरा फ्रेमा वाचवल्या, पुन्हा जोडल्या. संध्याकाळच्या खेळाला थिएटर गप्प झालं.

त्या दिवसापासून मी चित्रपट फुटांत मोजतो. नव्वद फूट म्हणजे एक मिनिट. शिंद्यांच्या टेबलावर ‘शोले’ची तीन लाख फूट फिल्म आली होती, असं सांगतात. म्हणजे सलग पंचावन्न तास. बार्शी ते सोलापूर रस्त्यावर अंथरली तरी उरेल एवढी. त्यातून सेन्सॉरनंतर लोकांपुढे गेली ती अठरा हजार फुटांच्या आसपास. बाकी सगळी बाजूला काढताना हा माणूस कुठे थांबला आणि कुठे थांबला नाही, याचा मी वीस फ्रेमा घालवून बसलेला माणूस अजून विचार करतो. रेल्वेवरच्या लढाईचंच घ्या. पनवेलकडे सात आठवडे चित्रण चाललं होतं, आणि पडद्यावर ती गाडी श्वास घेऊ देत नाही. (आमच्या बार्शी लाईटवर, त्या संथ छोट्या रेल्वेवर, हे जमलं नसतं. तिला डाकूंनी पायी गाठली असती.)

डिसेंबर २०२५ मध्ये मूळ शेवटासह नवी केलेली प्रत लागली, तेव्हा नातवाला घेऊन सोलापूरला गेलो. असरानी ऑक्टोबरात गेलेले, धर्मेंद्र नोव्हेंबरात. टाकीवरच्या प्रसंगाला हसू आलं पण अडखळत. आणीबाणीतल्या सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट आम्ही पन्नास वर्षं खरा मानला. आता ठाकूर स्वतःच्या पायांनी गब्बरला संपवतो आणि मग रडतो. मला हाच पटला. पोलीस आयत्या वेळी येतात तो शेवट केबिनमधूनही चिकटवलेला वाटायचा. प्रत मात्र लख्ख, एक ओरखडा नाही. तरी दर वीसेक मिनिटांनी माझी नजर वर उजव्या कोपऱ्यात जात होती, रीळ बदलायचा ठिपका येतो तिथे. नातू म्हणाला, “आबा, तिकडे काय आहे?” म्हटलं, काही नाही, तू बघ.

शिंदे २०१२ साली वारले. ‘सीता और गीता’, ‘शान’, ‘शक्ती’ हेही त्यांच्याच टेबलावरून गेलेले. विजू खोटे, सचिन हे आपले म्हणून आपण कौतुकाने सांगतो, सांगावंच. पण विजू खोटेंच्या कालियाला गोळी लागण्याआधी ती सगळी शांतता किती लांबवायची, हे ज्याने ठरवलं तोही आपलाच होता.

पुरवणीत जागेची अडचण असते हे मी समजू शकतो. लेख नको. येत्या रविवारी चुकीच्या दुरुस्तीच्या चौकटीत एक ओळ द्यावी: ‘शोले’, संकलन – माधव शिंदे. आणि कुठे मिळाला तर त्यांचा एक फोटो. आम्ही कधी पाहिलेला नाही.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर, बार्शी