पॅकेज, तूट आणि सोलापूरचा पूर्व भाग

सोलापूर

प्रिय सिद्धू,

सप्रेम नमस्कार.

तू लिहितोस की २०२० मध्ये करोनाच्या संकटात केंद्राने पॅकेज काढून वीस लाख कोटी ओतले, तरी विरोधकांचं रडगाणं थांबलं नाही. तुझे इथले मेहुणे म्हणतात, दमडीसुद्धा दिली नाही. तुम्ही दोघंही पॅकेज आणि खर्च एकच धरता, सगळा घोळ तिथेच आहे.

आधी केंद्राचा खर्च बघ. २०२०-२१ चा अंदाज ३०.४२ लाख कोटींचा होता आणि प्रत्यक्षात झाले ३५.१० लाख कोटी. वाढ पावणेपाच लाख कोटींच्या आतच. त्यात एकटं अन्न अनुदान १.१६ लाख कोटींवरून ५.४१ लाख कोटींवर गेलं. हे सगळं काही रेशनच्या दुकानात पोचलेलं धान्य नाही. अन्न महामंडळावर अल्पबचत निधीची जुनी कर्जं होती, ती त्याच वर्षी फेडून हिशेब चोख केला. तूट मात्र ७.९६ लाख कोटींवरून १८.१८ लाख कोटींवर गेली, कारण कर आटला आणि निर्गुंतवणुकीतून, म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून, धरलेले २.१ लाख कोटी बहुतांशी आलेच नाहीत. तेव्हा जीडीपीच्या ९.२ टक्के तूट दाखवून ‘बघा किती खर्च केला’ म्हणणं चूक, आणि ‘बघा किती उधळलं’ म्हणणंही चूक.

वीस लाख कोटींत रिझर्व्ह बँकेने मोकळी केलेली रोकड होती आणि कर्जहमी होती. हमीचं आपल्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीत, काय झालं असतं ते मांडतो. टॉवेलच्या कारखानदाराकडे २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेची येणेबाकी २० लाख असेल, तर त्याला २० टक्के, म्हणजे ४ लाख, विनातारण मिळणार. मुदत ४ वर्षं, पहिलं वर्ष मुद्दल नाही, पण व्याज चालूच. बँकेला जास्तीत जास्त ९.२५ टक्के. तिजोरीतून पैसा जातो तो कर्ज बुडाल्यावर. ज्याच्या हातात ऑर्डर आहे, त्याला सुताचं आणि विजेचं बिल भागवायला ही योजना खरोखर उपयोगी होती. पण जो सूत व्यापाऱ्याच्या उधारीवर चालतो, बँकेकडे ज्याचं खातंच नाही, त्याला शून्याचे वीस टक्के. आणि माल उठत नसताना शहाणा माणूस कर्ज काढेल कशाला?

माग कामगाराला यातलं थेट काहीच नाही. मनरेगाला ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले, हा निर्णय चांगलाच होता. महाराष्ट्रात दर होता रोज २३८ रुपये. पण ती योजना ग्रामीण भागाची होती. महापालिकेच्या हद्दीत विडी वळणाऱ्या बाईला काम मागायची सोयच नव्हती. तिला तेव्हा मिळालं ते पाच किलो धान्य, आणि जनधन खातं असेल तर तीन महिने पाचशे-पाचशे रुपये.

पक्षांचं म्हणशील तर दिल्लीत रोख पैसे वाटा म्हणणारी काँग्रेस मुंबईत सत्तेत होती, आणि त्याच सरकारने ४ मे २०२० ला विकासखर्च अंदाजपत्रकातल्या रकमेच्या ३३ टक्क्यांवर आणला. तिथे विरोधात बसलेला भाजप राज्याकडे पॅकेज मागत होता. ढोंग म्हणून सोडून देऊ नकोस. केंद्राने राज्याची कर्जमर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या (जीएसडीपी) ३ वरून ५ टक्के केली खरी, पण त्यातला अर्धाच टक्का विनाअट होता, आणि केंद्राने राज्यांना द्यायच्या जीएसटी भरपाईचा वाद ऑक्टोबरपर्यंत चिघळला. संकटात दिल्लीनेच कर्ज काढावं, हे माझं मत ठाम आहे, सरकार कोणाचंही असो.

आपल्याच राज्याने हे एकदा नीट केलंय. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना उभी राहिली, १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा एकमताने झाला. शहरातल्या पगारदाराच्या करातून गावाकडच्या मजुराला काम, आणि पैसा कुठून येणार हे आधीच ठरलेलं. दुष्काळ पडल्यावर भांडत बसायचं कारणच उरलं नाही.

शहरासाठी असं काही करायचं तर पहिली अडचण यादीची. विडी कामगारांकडे निदान ओळखपत्र तरी आहे. कित्येक माग कामगारांचं नाव हजेरीपटावर नसतं आणि पीएफ कापला जात नाही. मग मदत पाठवायची कोणाच्या खात्यावर? तुझी पक्षाच्या लोकांत ऊठबस आहे. ही नोंदणी करायला ते तयार आहेत का, ते विचार आणि मला लिही. मेहुण्यांच्या पक्षाला मी इथे विचारतो.

तुझा,
मल्लिनाथ