कोलोनहून पत्र : ओवीची मधमाशी

कोलोन, १५ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं मजेत आहोत. ओवीचा खोकला गेला, घर उबदार आहे, काही काळजी करू नका. परवा फोनवर ती रोडावलेली दिसली म्हणून आई, तू रात्रभर जागी होतीस असं मनू म्हणाली. अगं, मी तिला डॉक्टरकडे नेऊन वजन करून आणलं. वयाला हवं तेवढं आहे. डब्यात पोळी-भाजी देते, रात्री वरणभात असतोच. "नोकरीपुढे पोरीकडे बघायला वेळ कुठाय" हे तुझं बोलणं मला फार लागलं. झालं ते वेगळंच होतं आणि ते ओवीच्या देखत सांगता येत नव्हतं, म्हणून लिहिते.

त्याआधी इथली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ईस्टरपूर्वीचे उपास लागायच्या आधी इथे कार्निव्हल असतो. त्यातला गुरुवार बायकांचा. सकाळी ११ वाजून ११ मिनिटं झाली की बायका कात्र्या घेऊन निघतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. ऑफिसात, बँकेत, अगदी साहेबाचासुद्धा. टाय म्हणजे पुरुषाच्या अधिकाराची खूण, ती त्या दिवशी उतरवायची. कुणी रागवत नाही. भरपाई म्हणून गालावर एक पापा देतात. बाबा, त्यात वावगं काही नसतं, आपल्याकडे रंगपंचमीला कुणीही कुणाला रंग लावतं तसं समजा. जाणते लोक त्या दिवशी जुना टाय घालतात. निखिलच्या ध्यानात राहिलं नाही आणि तुम्ही रिसेप्शनला दिलेला मोरपंखी टाय गेला. उरलेला तुकडा मी जपून ठेवलाय, रागावू नका. उद्या सोमवारी मोठी मिरवणूक आहे. रथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि माणसं ती झेलायला छत्र्या उलट्या धरतात! या दिवसांत लहानथोर सगळे सोंगं घेऊन फिरतात, बालवाडीतली पोरंही.

ओवीला मधमाशी व्हायचं होतं. माया नावाची. ही १९१२ सालच्या एका जर्मन पुस्तकातली माशी, पुढे जपानमध्ये तिची कार्टून मालिका काढली आणि १९७६ पासून ती इथल्या टीव्हीवर लागायची. आमच्या शेजारच्या बाईंकडे त्यांच्या लहानपणचा पत्र्याचा डबा आहे, त्यावर माया आहे: गुबगुबीत, पोट पुढे आलेली, खाऊन-पिऊन सुखी. २०१३ मध्ये तीच मालिका कॉम्प्युटरवर नव्याने काढली आणि मायाची कंबर बारीक झाली. तिचा मित्र विली मात्र अजून गोलमटोल. त्याचं पोट कुणाला खुपलं नाही.

दुकानातला मायाचा ड्रेस तसाच, कमरेत आवळलेला, खाली जाळीचा घेर. ओवी तो घालून आरशासमोर एका बाजूने उभी राहिली, श्वास आत ओढला, दोन्ही तळहातांनी पोट दाबलं आणि म्हणाली, "आई, श्वास घेतला नाही की मी माया होते." आई, पाच वर्षांची पोर ती! त्या रात्रीपासून ताटातला भात बाजूला सारायला लागली. तुम्हाला फोनवर दिसलं ते हे.

मग मी लक्ष देऊन बघायला लागले. ओवी चित्रात मुंगी काढते आणि डोळ्यांना तीन पापण्या काढल्या की म्हणते, ही मुलगी. मिकीला पापण्या आणि फीत लावली की मिनी, तसंच. रॉस्टॉक विद्यापीठाने इथला टीव्ही तपासून २०१७ मध्ये सांगितलं की मुलांच्या कार्यक्रमांत चार पात्रांत एकच मुलगी किंवा बाई असते. म्युनिकच्या एका संस्थेने कार्टूनमधल्या मुलींच्या कंबरा मोजल्या, तर निम्म्याहून जास्त मुलींची कंबर हाडामांसाच्या मुलीला असूच शकत नाही इतकी बारीक. हे मोठ्या माणसांनी बसून, ठरवून काढलेलं असतं याचा मला संताप येतो. वाईला ओवी छोटा भीम बघायची, तिथेही पराक्रम भीमाचा आणि लाडू चुटकीचे. आपण सगळे हसून बघत होतो. आणि संध्याकाळी माझी मीटिंग असते तेव्हा तिच्या हातात टॅब मीच देते. तू टोकलं होतंस, मी उलट बोलले होते.

बाबा, तुम्ही तिला मांघरला, मधाच्या गावी, नेलं होतंत ते इथे कामाला आलं. मी तिला विचारलं, सातेरी मधमाश्यांच्या पेटीत काम कोण करतं? म्हणाली, सगळ्या मुली. मग मी सांगितलं, फुलातला रस पोळ्यापर्यंत आणायला माशीच्या पोटात वेगळी पिशवी असते, पोट भरलेलं असलं तरच मध होतो. ड्रेसची कंबर उसवली, तुझ्या जुन्या सुती साडीचा पट्टा लावला आणि आत कापूस भरला. गुरुवारी ती पोट थोपटत बालवाडीत गेली. आल्यावर दोन वाट्या वरणभात खाल्ला. पण काल पुन्हा आरशासमोर एका बाजूने उभी राहिलेली दिसली.

आता मनूचं. कराडच्या स्थळाला फोटो पाठवायचाय म्हणून तिचं रात्रीचं जेवण बंद केलंयस असं कळलं. आई, माझ्या कांदेपोह्यांच्या दिवशी परकराची नाडी आवळताना तू म्हणाली होतीस, "श्वास आत घे." तुझ्या आईने तुझी आवळली असेल. मी तुला दोष देत नाही गं, पण मनूला जेवू दे. आहे तसा फोटो पाठव. ज्यांना ती भरलेली वाटेल त्यांच्या घरी तिला द्यायचंच कशाला?

बाबांच्या मोतीबिंदूसाठी ५० हजार आज पाठवलेत, ऑपरेशन पुढे ढकलू नका. मनूच्या सोन्याचं मी बघते, कर्ज काढू नका. मे महिन्यात आमचं येणं अवघड दिसतंय, रजा उरलेली नाही. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नसणार, हे लिहिताना हात थांबला. दिवाळीला नक्की येतो. साखरपुडा तेव्हा धरता आला तर बघा.

ओवीने तुम्हाला मधमाशी काढून दिलीय, सोबत ठेवते. पापण्या काढल्यात, पण पोट मोठं आहे.

तुमची,
सुमा