मतदाराला सक्ती चालते, मग मोजणीच्या तपासणीला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक सुधारणांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच स्ट्राँगरूम, सील, पहारा आणि सीसीटीव्ही सुरू होतं. ते सगळं हवंच, त्यात वाद नाही. पण मशीन कुलपात नीट राहिलं म्हणून मोजणी बरोबर झाली असं थोडंच आहे, ती कोण तपासतं आणि लोकांसमोर तपासतं का, हे कोणी विचारतच नाही.

खरं तर आपलं गुजरात निवडणुकीत प्रयोग करायला अजिबात घाबरत नाही. 2010 साली 6 महापालिकांच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मत द्यायची सोय केली होती, त्यात बडोदाही होतं. आणि त्याच्या आधी 2009 मध्ये विधानसभेने स्थानिक निवडणुकांत मतदानच सक्तीचं करणारं विधेयक पास केलं, मग राज्यपालांनी ते अडवलं, शेवटी 2014 ला मंजुरी मिळाली आणि 2015 ला हायकोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे मतदाराने यायलाच पाहिजे असा कायदा आपल्या सरकारला सुचतो, पण त्याचं मत बरोबर मोजलं गेलं का हे तपासायलाच पाहिजे असा कायदा काही सुचत नाही.

विधानसभा-लोकसभेला निदान व्हीव्हीपॅट तरी असतं, आपलं मत कोणाला गेलं त्याची छापील चिठ्ठी 7 सेकंद दिसते. 2021 च्या बडोदा कॉर्पोरेशनच्या मतदानाला तेही नव्हतं. 19 वॉर्ड, प्रत्येकात 4 जागा, आपण 4 बटणं दाबायची, बीप वाजला की चला घरी! यावर उत्तर ठरलेलं असतं की एका मतदाराची 4 मतं असली की व्हीव्हीपॅट जमत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानेही 2025 मध्ये साधारण हेच सांगितलं. नसेल जमत तर दुसरं काहीतरी बघा, कागदाची मतपत्रिका आणि ती वाचणारं स्कॅनर लावा, पण कागद पाहिजेच, कारण कागदच नसेल तर ताळा कशाशी करणार?

आणि जिथे कागद आहे तिथे तरी काय होतं? 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या 5 बूथच्या चिठ्ठ्या मोजतात, उमेदवार 200 मतांनी जिंकला असो की 80 हजारांनी, आकडा तोच 5. सुप्रीम कोर्टाच्याच एप्रिल 2024 च्या निकालात अजून एक सोय झाली, 5 टक्के मशीनच्या चिपची तपासणी मागता येते, पण ती मागायची कोणी, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरवर आलेल्याने, 7 दिवसांत, आणि पैसे भरून. सुरुवातीला हा खर्च मशीनच्या एका सेटला 40 हजार अधिक जीएसटी होता (गडबड निघाली तर परत). मतदाराला यात कुठेच जागा नाही. आमच्या हाउसिंग सोसायटीचं ऑडिट दरवर्षी होतं, हरलेल्या सेक्रेटरीने अर्ज केला म्हणून नव्हे, आणि इथे अख्ख्या शहराचा कारभार कोणाच्या हातात द्यायचा ते ठरतंय!

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2017 पासून संपूर्ण राज्यात एक पद्धत लावली आहे, ती मला फार पटली. मतपत्रिका कागदाच्या, त्यातल्या काही रँडम काढून हाताने वाचायच्या आणि मशीनने काय नोंदवलंय त्याच्याशी जुळवायच्या. जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्याच्या मतांतला फरक मोठा असेल तर थोड्या मतपत्रिकांत भागतं, तो कमी असेल तर जास्त काढायच्या, आणि तरीही खात्री पटली नाही तर सगळ्या हाताने मोजायच्या. कोणत्या मतपत्रिका काढायच्या ते आधी कोणालाच कळू नये म्हणून लोकांसमोर 10 बाजूंचे फासे टाकतात, 20 आकडे काढतात आणि त्यावरून निवड होते. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात 2020 ला ऑडिट म्हणून अध्यक्षपदाची सुमारे 50 लाख मतं हाताने मोजली, तेव्हा एका काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) अडीच हजारांवर मतपत्रिका मोजायच्याच राहून गेल्या होत्या ते सापडलं. जिंकणारा बदलला नाही, पण चूक सापडली आणि ती सगळ्यांना दिसली. ऑडिट म्हणजे मशीन हॅक झालं असा आरोप, असं आपल्याकडे जे समजतात त्यांनी हे जरा बघावं.

आपण मात्र उलटीकडे चाललोय. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने निवडणूक नियमांतला नियम 93 (निवडणुकीची कागदपत्रं लोकांना बघायला देण्याचा) बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या रेकॉर्डिंगचा सामान्य माणसाचा मार्ग बंद झाला, मग 2025 मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने सांगितलं की निवडणूक याचिका नसेल तर 45 दिवसांनी फुटेज नष्ट करा. मतदारांच्या खासगीपणाचं कारण दिलं, ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण मतपत्रिकेवर तर कोणाचं नाव नसतं ना, मग ती लोकांसमोर मोजायला काय हरकत आहे?

महापालिकेची निवडणूक राज्याच्या कायद्याने होते, दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही. तुमच्या वार्ताहरांनी गांधीनगरला राज्य निवडणूक आयोगाला एवढंच विचारून छापावं की बडोद्याच्या पुढच्या कॉर्पोरेशन निवडणुकीत कागद असणार का, आणि असेल तर कोणाच्याही अर्जाशिवाय तो किती बूथवर मोजणार.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा