उपचार केंद्रातून बाहेर पडल्यावर जायचे कुठे?

संपादक महोदय,

व्यसनमुक्तीच्या सरकारी धोरणावरची चर्चा दारूबंदी आणि उत्पादन शुल्क यांपुढे सरकत नाही. ज्याने सोडली आहे आणि तसेच राहायचे आहे, त्याच्यासाठी काय?

मी दारू सोडून बरीच वर्षे झाली. उपचार केंद्रातले दिवस त्या मानाने सोपे. तिथे बाटलीच नसते. खरा कस घरी सोडल्यावर लागतो. जुनीच खोली, जुनीच मंडळी, रिकामी संध्याकाळ. माझ्यासोबतच्या एकाला पिणाऱ्या भावाच्या घराशिवाय दुसरा आसरा नव्हता. महिनाभरात तो पुन्हा दाखल झाला. यात त्याची इच्छाशक्ती कमी पडली, असे मला तरी वाटत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारच मानतो. रुग्णालयात राहण्याची गरज उरली नाही अशांसाठी संक्रमणगृहे (उपचारानंतर काही काळ राहण्याची घरे), समूहनिवास (अशांनी एकत्र राहण्याची घरे) उभारावेत किंवा त्यांना पाठबळ द्यावे, असे कलम 19 सरकारला सांगते. कलम 21 मुळे विमाही शारीरिक आजारांप्रमाणेच मिळायला हवा. कायदा आहे, दर 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेऱ्या निघतात, शपथाही होतात (मीही घेतल्यात). घरे मात्र मोजकीच.

अशा निवासांना अनुदान द्यावे. कमावू लागलेल्याकडून भाड्याचा वाटा जरूर घ्यावा. आणि कोणी पुन्हा प्यायला, तर त्याला रस्त्यावर न काढता उपचारांकडे पाठवण्याचा नियम लेखी असावा.

– एक निर्व्यसनी वाचक