‘बीप’चा विनोद

संपादक महोदय,

कमी पैशांत विनोदी चित्रपट काढू पाहणाऱ्यांनी डग लायमन यांचा ‘स्विंगर्स’ (१९९६) बारकाईने पाहावा. लॉस एंजेलिसमधले, काम शोधणारे एकटे मित्र, कथा एवढीच. खर्च दोन-अडीच लाख डॉलर, कॅमेरा दिग्दर्शकाच्याच हाती.

लोकांच्या लक्षात राहतो तो आन्सरिंग मशीनचा, म्हणजे फोन उचलला नाही तर निरोप टिपून ठेवणाऱ्या यंत्राचा प्रसंग. नायक माइक अपरात्री नव्या ओळखीच्या मुलीला निरोप ठेवतो. यंत्राची ‘बीप’ त्याचे वाक्य मध्येच तोडते, म्हणून पुन्हा फोन; मग तो निरोप सावरायला आणखी एक. प्रत्येक दुरुस्तीने नुकसान वाढते. खोली एक, नट एक, खर्च जवळपास शून्य! संकलकाने इथे घाई केली असती तर सगळा विनोद मेला असता.

आपल्याकडच्या नकला फसतात, कारण सगळेच मित्र कोट्या करतात. ‘स्विंगर्स’मध्ये माइकचा प्रेमभंग खरा आहे आणि त्याचा बडबड्या मित्र ट्रेंट त्यावर भलतेच सल्ले देतो.

आणखी एक: खऱ्या बारमध्ये चित्रण करताना गाणे बंद ठेवा, नंतर जोडा. नाहीतर दृश्य कापताच गाणेही तुटते.

– फिल्म सोसायटीचे काही सभासद, पुणे